एप्रिलनंतरचे नियम

मार्चमधली शनिवारची सकाळ होती. लेकीची आइस हॉकीची, हाउस लीगची (म्हणजे स्थानिक पोरांच्या स्पर्धेची) फायनल होती; म्हणजे ती खेळत नव्हती, पंच म्हणून उभी होती. १६ वर्षांची आहे. अंगात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट आणि दंडावर हिरवी पट्टी. ही हिरवी पट्टी इकडे कॅनडात, ऑन्टारिओत १८ वर्षांखालच्या पंचांना बांधायला देतात, बाकांवरच्या आईबापांनी ओरडण्याआधी जरा भान ठेवावं म्हणून. (उपयोग किती होतो ते विचारू नका.) रिंकमध्ये तो नेहमीचा वास होता: रबरी मॅट, ओले ग्लोव्ह्ज, कागदी कपातली कॉफी. शेवटचं मिनिट, एका गोलचा फरक. पिछाडीवरच्या संघातला एक बारका पोरगा पक (चेंडूऐवजी असते ती रबरी चकती) घेऊन कडेकडेनं सुटला, बचाव करणाऱ्याला मागे टाकून पुढे निघाला, आणि त्या मागे पडलेल्यानं स्टिक सरळ त्याच्या स्केट्समध्ये घातली. पोरगा आडवा होऊन घसरत कोपऱ्यात गेला. लेक दोन-तीन हातांवर होती. तिला ते दिसलं. तिला दिसलंय हे मला दिसलं, कारण तिचा हात कमरेपर्यंत वर आला आणि तिथूनच खाली गेला. शिट्टी वाजली नाही. पक दुसरीकडे गेला, भोंगा झाला, जिंकलेल्या पोरांनी ग्लोव्ह्ज हवेत उडवले.

गाडीत मी विचारलं, "तू ते ट्रिपिंग पाहिलंस ना?" "हो." "मग?" ती खिडकीबाहेर बघत होती. "आई, फायनल होती. शेवटचं मिनिट होतं." तिच्या दृष्टीनं एवढं पुरेसं होतं. जरा वेळानं स्वतःहूनच म्हणाली, "मॅच मी ठरवायची का?" तिच्याबरोबरच्या वयस्कर पंचानं सुरुवातीलाच सांगितलं होतं म्हणे, आज पोरांना खेळू दे. हीच मुलगी ऑक्टोबरमध्ये, बाकांवर डझनभर माणसंही नसताना, याहून साध्या अडखळण्याला हात वर करायची आणि तो पोरगा मुकाट पेनल्टी बॉक्समध्ये जाऊन बसायचा. मी काही बोलले नाही. पण त्या रात्री भांडी घासताना मनात आलं, मॅच तिनं ठरवली नाही हे ठीक, मग कुणी ठरवली? त्या स्टिकनंच ना?

तिला हे कुणी शिकवलं, हा प्रश्न खरं तर निरर्थक आहे. आमच्याच दिवाणखान्यात शिकली ती.

इकडे आलो तेव्हा हॉकी म्हणजे मला हिरवं मैदान, वाकलेली स्टिक आणि ध्यानचंद एवढंच माहीत होतं. पहिल्या हिवाळ्यात संध्याकाळी साडेचारला काळोख व्हायचा, करायला काही नसायचं, टीव्हीवर एनएचएलची, म्हणजे इथल्या मोठ्या व्यावसायिक लीगची, मॅच लागलेली असायची. पक दिसायचाच नाही. मग मी पक शोधणं सोडून पंचांकडे बघायला लागले, कारण ते निदान ठळक दिसतात. चौघं असतात, दोघांच्या दंडावर नारिंगी पट्टी, ते रेफरी, बाकीचे दोघे लाइन्समन. रेफरीचा हात वर गेला तरी शिट्टी लगेच वाजत नाही, हे मला फार आवडलं. गुन्हा करणाऱ्या संघाचा पकला स्पर्श होईपर्यंत तो हात वर धरून स्केटिंग करत राहतो, तेवढ्यात दुसऱ्या संघाचा गोलकीपर जाळं सोडून बाकाकडे धावतो आणि त्याच्या जागी एक जादा खेळाडू उतरतो. सगळ्या रिंकला कळलेलं असतं की गुन्हा नोंदला गेलाय, फक्त पुकारा व्हायचाय. मग दोन मिनिटं काचेच्या खोलीत बसायचं. केवढे दांडगे पुरुष, दात पडलेले, आणि शिक्षा बालवाडीची. हुकिंग म्हणजे स्टिक अडकवून ओढणं, होल्डिंग म्हणजे धरून ठेवणं, हे मी खेळाच्या आधी शिकले. हिवाळाभर मला वाटत होतं की आपल्याला आता हा खेळ समजायला लागलाय.

मग एप्रिल उजाडला. ८२ सामन्यांचा हंगाम संपला, प्लेऑफ (सातातले चार सामने जिंकेल तो पुढे, अशा बाद फेऱ्या) सुरू झाले, आणि मला कळेना की हे काय चाललंय. डिसेंबरमध्ये ज्याला हुकिंग म्हणत होते ते डोळ्यांदेखत होत होतं आणि पंच शेजारून सरकत निघून जात होता. गोलपुढे उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीत आडव्या स्टिकचे दणके बसत होते, कुणाला काही वाटत नव्हतं. मी नवऱ्याच्या एका सहकाऱ्याला विचारलं, प्लेऑफचे नियम वेगळे असतात का? तो इथलाच, रक्तात बर्फ असलेला माणूस. हसला आणि म्हणाला, नियम तेच, फक्त आता शिट्ट्या खिशात गेल्यात. हे त्यानं तक्रार म्हणून सांगितलं नाही. आता खरं हॉकी सुरू झालं, असा त्याचा सूर होता.

नियमपुस्तक खरंच तेच असतं. ५५ क्रमांकाचा नियम हुकिंगचा, ५६ इंटरफिअरन्सचा (पक नसलेल्याला अडवणं), ५७ ट्रिपिंगचा. त्यात कुठंही असं लिहिलेलं नाही की हे एप्रिलपर्यंतच लागू. फरक लिहून ठेवलाय तो ओव्हरटाइमचा. हंगामात बरोबरी झाली तर पाच मिनिटं तीन विरुद्ध तीन, तरी सुटलं नाही तर शूटआउट, आणि सगळे वेळेत घरी. प्लेऑफमध्ये पाच विरुद्ध पाच, वीस-वीस मिनिटांचे पिरियड, गोल होईपर्यंत. रात्रीचे बारा वाजून जातात, बर्फ खरवडून भुसभुशीत होतं, पाय जड होतात. आणि पाय जड झाले की माणूस स्टिकनं बचाव करतो, हे कुणीही दोन सामने बघितले की सांगेल. म्हणजे ज्या वेळी ओढाओढ वाढायलाच हवी, नेमकी त्याच वेळी पेनल्टी आटते. एरवी लोक म्हणतात प्लेऑफमध्ये पेनल्टी देतच नाहीत, ते तितकं खरं नाही. पहिल्या फेरीच्या सुरुवातीला भरपूर देतात, शिट्टीनंतरच्या धक्काबुक्कीसाठी तर दोन्हीकडच्यांना जोडीनं आत बसवतात. पुढं मालिका लांबत जाते, सातवा सामना येतो, तिसरा पिरियड येतो, तसा हात जड होत जातो.

पण एक पेनल्टी कधीच आटत नाही, आणि मला या सगळ्या प्रकारातली ती सगळ्यात विनोदी गोष्ट वाटते. स्वतःच्या बचावक्षेत्रातून पक थेट काचेवरून प्रेक्षकांत गेला की दोन मिनिटं. २००५ साली, टाळेबंदीत एक अख्खा हंगाम वाया गेल्यावर, खेळ मोकळा करण्यासाठी जे बदल केले त्यातला हा एक. मुद्दाम मारला की चुकून उडाला, हे विचारायचंच नाही. सातव्या सामन्याच्या ओव्हरटाइममध्येसुद्धा चौघं पंच घोळका करून एकमेकांना विचारतात, काचेला लागून गेला की नाही? नाही लागला? मग चला आत. बिचारा बचावपटू, घाबरून पक उडवला, त्याचं पाप काय तर मनगट जरा जास्त फिरलं. आणि तिथूनच दहा फुटांवर दुसरा एक जण विरोधी खेळाडूच्या कमरेला स्टिक अडकवून त्याच्या मागे स्लेजसारखा ओढला जात असतो, त्याला काही नाही. कारण काचेवरून गेलेला पक पंचाच्या मर्जीवर नसतो, त्याचं खापर कुणी पंचावर फोडू शकत नाही. हुकिंग मर्जीवर असतं. जिथं स्वतःचं मत द्यावं लागतं, तिथं हात थांबतो.

टोरंटोत राहून हा विषय काढायचा आणि १९९३ टाळायचं, हे शक्य नाही. आम्ही तेव्हा इथं नव्हतो, मी सांगलीत शाळेत होते, पण इतक्यांदा ऐकलंय की मला आता ते स्वतः पाहिल्यासारखं आठवतं. २७ मे. लीफ्स, म्हणजे टोरंटोचा संघ, मालिकेत ३-२ नं पुढे, एक विजय आणि स्टॅनली कपची, म्हणजे लीगच्या अजिंक्यपदाची, फायनल, तीही मॉन्ट्रियलशी. सहावा सामना लॉस एंजेलिसमध्ये, ओव्हरटाइम. लॉस एंजेलिसच्या वेन ग्रेट्झ्कीच्या, या खेळातल्या सगळ्यात मोठ्या ताऱ्याच्या, स्टिकचं टोक लीफ्सच्या डग गिल्मोरच्या हनुवटीला लागलं, रक्त आलं. त्या वेळी मैदानावर रेफरी एकच असायचा. त्या रात्री केरी फ्रेझर, हेल्मेट न घालता चापूनचोपून बसवलेल्या केसांसाठी प्रसिद्ध. त्यानं लाइन्समनना विचारलं, कुणी खात्रीनं सांगेना, पेनल्टी झाली नाही. नियमाप्रमाणे ग्रेट्झ्की बाहेर गेला असता. तो राहिला, आणि थोड्याच वेळात त्यानंच गोल मारला. मग सातव्या सामन्यात टोरंटोत येऊन तीन मारले. फ्रेझरनं पुढे कबूल केलं की ते आपल्या नजरेतून सुटलं. १९६७ नंतर कप नाही पाहिलेल्या या शहरानं मात्र ते 'सुटलं' कधीच मान्य केलं नाही. त्यांच्या लेखी त्यानं पाहिलं होतं आणि ग्रेट्झ्कीला, तोही ओव्हरटाइममध्ये, बाहेर काढायची त्याची छाती झाली नाही.

या गोष्टीतला एक भाग सांगताना इथले लोक भरभर पुढे जातात. तो गोल झाला तेव्हा लॉस एंजेलिसकडे पॉवर प्ले (समोरचा एक जण आत बसल्यानं एक खेळाडू जास्त) होता, कारण तिसऱ्या पिरियडच्या अगदी शेवटी, बरोबरी असताना, फ्रेझरनं लीफ्सच्या ग्लेन अँडरसनला बोर्डिंगसाठी (समोरच्याला कडेच्या बोर्डावर आपटणं) आत पाठवलं होतं. म्हणजे शेवटच्या क्षणी शिट्टी वाजवायची हिंमत त्या माणसात होती. ती आमच्या विरुद्ध वाजली, म्हणून तिचं कौतुक कुणी करत नाही.

आणि शिट्टी वाजवणाऱ्यांचं काय होतं, ते २०१९ च्या वसंतात सगळ्यांनी पाहिलं. सॅन होजे विरुद्ध व्हेगास, पहिली फेरी, सातवा सामना. व्हेगास तिसऱ्या पिरियडमध्ये ३-० नं पुढे. फेसऑफनंतर (पंच पक टाकून खेळ सुरू करतो तो) व्हेगासच्या कोडी ईकिननं सॅन होजेच्या जो पाव्हेल्स्कीला आडव्या स्टिकनं ढकललं, तो दुसऱ्याला धडकून डोक्यावर पडला, बर्फावर रक्त. पंचांनी जमून पाच मिनिटांची मेजर पेनल्टी दिली. मेजर म्हणजे गोल झाला तरी पेनल्टी संपत नाही. सॅन होजेनं त्या पाच मिनिटांत चार गोल मारले. व्हेगासनं कशीबशी बरोबरी केली, ओव्हरटाइममध्ये हरले. त्या चुकीच्या मेजरबद्दल लीगनं व्हेगासची माफी मागितली. ते दोघे रेफरी पुढच्या फेरीत दिसले नाहीत. आता हे लक्षात घ्या की प्लेऑफमधली पंचगिरी ही बक्षिसासारखी असते. दर फेरीला यादी छोटी होत जाते, फायनलला मूठभर उरतात. चुकीची मेजर द्या आणि घरी बसा, हा धडा त्या एप्रिलमध्ये उरलेल्या सगळ्यांपर्यंत पोचला असणार. जूनमध्ये फायनलचा पाचवा सामना, बॉस्टन विरुद्ध सेंट लुइस. सेंट लुइसच्या टायलर बोझॅकनं बॉस्टनच्या नोएल अच्चारीचा पाय मागून उडवला, तो आपटला, पंच तिथंच. हात वर गेला नाही. खेळ चालू राहिला, काही सेकंदांत सेंट लुइसचा दुसरा गोल झाला. बॉस्टन २-१ नं हरलं, पुढे कपही गेला. बॉस्टनचा प्रशिक्षक भडकून बोलला, दोन दिवस गदारोळ झाला, आणि झालं. न वाजवलेल्या शिट्टीसाठी माफी वगैरे कुणी मागितल्याचं मला आठवत नाही.

लीगनं त्यावर उपाय केला तो असा की त्यानंतर मेजर पेनल्टी व्हिडिओवर तपासता येते. दिलेली. न दिलेल्याला व्हिडिओ नाही.

याच्या उलट टोकाला रेफरी टिम पील. मार्च २०२१, हंगामातला एक साधा सामना, नॅशव्हिल विरुद्ध डेट्रॉइट. त्याचा माइक चालू राहिला आणि सगळ्या टीव्हीवाल्यांनी ऐकलं की फार काही नव्हतं, पण नॅशव्हिलला सुरुवातीलाच एक पेनल्टी द्यायची होती. दुसऱ्याच दिवशी लीगनं जाहीर केलं की हा माणूस आता पुन्हा पंच म्हणून दिसणार नाही. निवृत्तीला आला होता तो. मला तेव्हा त्याचा राग आला होता आणि आता तितका येत नाही. हिशेब समान ठेवायचा, इकडे एक दिली की तिकडे एक द्यायची, हे तर सगळेच करतात. समालोचक हसत हसत सांगतात की आता पुढची पेनल्टी कुणाला ते ओळखा. पील हे बोलला, एवढाच त्याचा गुन्हा. सांभाळून घेणं चालतं, सांभाळून घेतोय असं म्हणायचं नाही.

माझे एक चुलतकाका कबड्डीचे पंच होते, सांगली भागातल्या गावोगावच्या यात्रांतल्या स्पर्धांना जायचे. त्यांना रविवारी फोनवर लेकीचा किस्सा सांगितला. मला वाटलं ते तिला रागावतील. नियम म्हणजे नियम असा त्यांचा घरातला खाक्या. ते हसायलाच लागले. "आगं, फायनलला दम ऐकू येतोय व्हय?" म्हणाले. चढाई करणारा 'कबड्डी कबड्डी' म्हणतोय की दम मध्येच तुटलाय, हे पहिल्या फेरीत कान देऊन पकडता येतं. फायनलला चार गावची माणसं दोरीला छाती लावून बोंबलत असतात, हलगी वाजत असते. तेव्हा पंच नुसता ओठांकडे बघतो आणि चढाई करणारा नुसते ओठ हलवतो. "मग काय करायचा तुम्ही?" "काय करणार? हालत्यात ना ओठ, हालू दे." जरा थांबून म्हणाले, एकदा फायनलला दम तुटला म्हणून दिलं होतं बाद. मग? मग काही नाही, रात्री सायकल सापडेना. हे सांगताना त्यांच्या आवाजात पश्चात्ताप होता की अभिमान, मला कळलं नाही. बहुतेक त्यांनाही.

आता माझी अडचण सांगते. मला हे सगळं अन्याय्य वाटतं आणि मला हेच बघायला आवडतं. नोव्हेंबरमधली मंगळवारची मॅच मी भाजी निवडता निवडता बघते. मे महिन्यातला ओव्हरटाइम मी उभी राहून बघते. त्या खेळात जी भीती आहे, बोर्डाला कुणी आपटलं की टीव्हीतून जो धाडकन आवाज येतो, पुढच्या क्षणी काहीही होईल असं जे वाटतं, ते शिट्टी नसण्यातूनच येतं. दर दोन मिनिटांनी कुणी आत जाऊन बसायला लागलं तर मीच कंटाळून चॅनल बदलेन. पण मग २०२१ मध्ये एडमंटनच्या कॉनर मॅकडेव्हिडकडे बघताना जीव तुटला होता तो का? कोविडमुळे ५६ सामन्यांचाच हंगाम, त्यात त्यानं १०५ गुण (गोल आणि गोलला दिलेले पास मिळून) केले होते, जगात त्याच्या वेगाचा माणूस नाही. पहिल्या फेरीत विनिपेगनं एडमंटनला ४-० नं घरी पाठवलं. त्या मालिकेत त्याच्यावरच्या एकाही आगळिकीला पेनल्टी मिळाली नाही. त्याच्या हातांवर, कमरेवर स्टिका पडत होत्या आणि तो झटकत पुढे जात होता. मला तेव्हा लख्ख दिसलं की शिट्टी खिशात गेली म्हणजे दोघांनाही सारखीच सूट मिळाली, हे साफ खोटं आहे. ज्याला पळता येतं त्याच्याकडून काढून ज्याला फक्त धरता येतं त्याला दिलेली ती सूट असते. त्या बारक्या पोराला सगळ्यांना मागे टाकून पळता येत होतं. मागच्याला फक्त स्टिक घालता येत होती.

लेकीला हे मी सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बेनेटच्या वेळी तू काय म्हणाली होतीस?" तिच्या असल्या स्मरणशक्तीचा मला धाक आहे. मे २०२५, प्लेऑफमध्ये लीफ्सचा फ्लोरिडाशी मालिकेतला पहिला सामना, इथं टोरंटोत. फ्लोरिडाचा सॅम बेनेट गोलपुढून जाताना त्याचं कोपर आमच्या गोलकीपरच्या, अँथनी स्टोलार्झच्या डोक्याला लागलं. पेनल्टी नाही. थोड्या वेळानं स्टोलार्झला बाकापाशी उलटी झाली, त्याला हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं, त्या मालिकेत तो परत खेळला नाही. बेनेटला नंतरही काही शिक्षा झाली नाही. लीफ्स तो सामना जिंकले, मालिका सात सामन्यांत हरले, आणि जूनमध्ये फ्लोरिडानं कप उचलला तेव्हा प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून ट्रॉफी बेनेटलाच मिळाली. त्या पहिल्या रात्री मी पंचांना जे म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण लेक त्याबद्दल विचारत नव्हती. त्याच सामन्यात उशिरा आमच्या एका बचावपटूनं फ्लोरिडाच्या माणसाला गोलपुढे चक्क मिठी मारली होती, पंच बघत होता, आणि मी सोफ्यावरून ओरडले होते, "सोड, सोड, खेळू दे!"

ती पुढच्या हंगामासाठी पंचांच्या वर्गाला नाव घालतेय. पैसे बरे मिळतात, आणि तिच्या मते बर्फावरची सगळ्यात चांगली जागा पंचाचीच. मी तिला एवढंच म्हटलंय की पुढच्या फायनलला हात कमरेपर्यंत गेला तर पुढचा अर्धाही जाऊ दे, बाकांवरच्यांचं मी बघते. त्यावर ती म्हणाली, "आई, बाकांवर सगळ्यात मोठ्यानं तूच ओरडतेस."